सुईच्या जागी करवत

‘हे मी माझ्या हातांनी केलं’ हे वाक्य मराठी माणूस फार विचारपूर्वक वापरतो. पिठलं जमलं तर ते स्वतःच्या हातचं असतं, करपलं तर गॅस मोठा राहिलेला असतो. मुलगा इंजिनिअर झाला तर आपण त्याला घडवलेला असतो, नाही झाला तर त्याला संगत वाईट मिळालेली असते. थोडक्यात, हात हा अवयव यशापुरताच आपल्या मालकीचा. अपयश आलं की तो परिस्थितीच्या खात्यावर टाकता येतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब कोणी तपासायला मागत नाही. मला तो तपासावासा वाटला तो निवृत्तीनंतर, आणि तोही विजेवर चालणाऱ्या एका करवतीमुळे.

या करवतीला जिगसॉ म्हणतात. माझ्याकडे तो मुलानं पुण्याहून पाठवला. निवृत्त बापाला काय पाठवावं हा पुण्यामुंबईकडे गेलेल्या मुलांपुढचा एक बिकट प्रश्न असतो. पहिल्या वर्षी स्वेटर येतो. दुसऱ्या वर्षी रक्तदाब मोजायचं यंत्र येतं. तिसऱ्या वर्षी, ‘तुझे बाबा दिवसभर माझ्या फोडणीत लक्ष घालतात’ अशी तक्रार फोनवरून गेली की छंद येतो. माझा छंद एका खोक्यातून आला. सुतारकामच का, तर शाळेत मी गणित आणि कार्यानुभव असे दोन विषय शिकवत असे. म्हणजे कार्यानुभवाच्या तासाला गणित शिकवत असे. कोठारी आयोगानं १९६४ ते १९६६ एवढा काळ विचार करून मुलांच्या हातांना शाळेत काम मिळावं अशी शिफारस केली होती. ती शिफारस आमच्या वेळापत्रकापर्यंत नीट पोचली होती. वेळापत्रकातून पुढं वर्गात यायला तिला वाट सापडली नाही, इतकंच. मुलानं लहानपणी ते वेळापत्रक पाहिलेलं असल्यामुळे बापाला सुतारकाम येतं अशी त्याची प्रामाणिक समजूत.

जिगसॉ दिसायला इस्त्रीसारखा, आवाजानं पिठाच्या गिरणीसारखा आणि स्वभावानं बकरीसारखा असतो. ढकलला तर अडतो, मोकळा सोडला तर भलतीकडे जातो. कासरा सैल पण हातात ठेवून त्याच्या चालीनं चाललं तर बरोबर येतो. खाली एक सपाट पत्रा असतो, तो फळीवर घट्ट टेकवायचा, पातं लाकडाला लागण्याआधी यंत्र पूर्ण वेगात येऊ द्यायचं, आणि मग जोर न लावता पुढं जायचं. जोर लावला की पातं वाकतं. फळी शिकंज्यानं टेबलाला आवळलेली हवी, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि दुसरा हात कुठे आहे याची अधूनमधून चौकशी करावी.

पण खरी गंमत त्याच्या दातांत आहे. नेहमीच्या पात्याचे दात वर तोंड करून असतात. पातं वर येताना कापतं, खाली जाताना नुसतं जातं. त्यामुळे लाकडाची कुसळं निघतात ती वरच्या अंगावर. खालची बाजू स्वच्छ राहते. म्हणून जाणकार सांगतात की फळीची चांगली बाजू खाली ठेवावी आणि आखणी मागच्या बाजूला करावी. ज्या वर्गाला जन्मापासून चांगली बाजू वर ठेवण्याचं शिक्षण मिळालेलं असतं, पाहुणे आले की गादीवरची चादर उलटून घालणं ज्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्याला हा सल्ला पचायला जड जातो.

दुसरी गंमत रेघेची. नवशिक्याला वाटतं, आधी सरळ कापायला शिकावं, मग वळणं घ्यावीत. जिगसॉच्या बाबतीत हे उलटं आहे. त्याचं पातं अरुंद असतं ते वळण्यासाठीच. मोराची मान, गणपतीची सोंड, आंब्याची कोय हे सगळं तो हसतखेळत कापतो. पण फूटभर सरळ रेघ कापायची म्हटलं की शेजारी एक सरळ पट्टी आवळून, तिला टेकत टेकत म्हाताऱ्या माणसासारखं जावं लागतं. वाकडं सोपं आणि सरळ अवघड हा अनुभव माणसाला एरवी नोकरीत पंचवीस वर्षं काढल्यावर येतो, जिगसॉ तो अर्ध्या तासात देतो. शिवाय लाकूड जाड असलं तर पातं आतल्या आत झुकतं. वरून पाहावं तर काप रेघेवर, फळी उलटून पाहावी तर कड तिरपी. हे उदाहरण मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या दिवसांत चारचौघांत द्यायचं टाळतो.

तर अशा या यंत्रानं मी बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून एक हत्ती काढला, त्याला पाच खुंट्या बसवल्या आणि सौ.नं तो चाव्या अडकवायला दाराशी लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगू लागली, ‘यांनी केलाय, स्वतःच्या हातानं.’ वाक्य ऐकायला गोड होतं. आठवडाभर कोणी हरकत घेतली नाही. मग खिडकीचं फडताळ नीट करायला मिस्त्री आले.

मिस्त्री आमच्याच गल्लीतले. वलगावात त्यांच्या तीन पिढ्या सुतारकामात गेल्या. त्यांनी हत्ती खुंटीवरून काढला, त्याच्या पाठीवरून, सोंडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “चांगला हाये सर. पण हातानं नाई केला थो. मशीननं केला.”

“मशीन मीच धरलं होतं ना मिस्त्री?”

“गिरणीत दळण नेलं तं पीठ मी दळलं म्हणान काय?”

गणिताच्या मास्तराला इतकं नेमकं प्रतिउदाहरण सहसा कोणी देत नाही. मी त्यांची करवत हातात घेतली आणि ही तुम्ही केली का असं विचारलं. नाही, ती वडलांची. वडलांनी दुकानातून घेतलेली. म्हणजे ती कारखान्यातली. मग रंधा? तोही लोखंडी, दुकानातला. आणि मग मिस्त्रींनी स्वतःहूनच सांगितलं की त्यांचा बाप हा लोखंडी रंधा जन्मभर हातात धरत नव्हता. “म्हणे, हे साहेबाचं मशीन हाये. थो वाकसानंच तासे.” म्हणजे प्रत्येक पिढी आपल्या हातातल्या वस्तूला अवजार म्हणते आणि मुलाच्या हातातलीला यंत्र. वाकस पहिल्यांदा आलं तेव्हा दगडानं लाकूड ठेचणारा एखादा म्हातारा ‘हातानं केल्याची सर नाही’ म्हणाला असणार, याबद्दल मला शंका नाही.

मी हे बोलून दाखवल्यावर मिस्त्री थोडा वेळ पटाशीला धार लावत बसले. मग म्हणाले, “तसं नाई सर. ज्यानं बोट कापते थे अवजार. ज्यानं बोटच जाते थे मशीन.”

ही व्याख्या मी वहीत उतरवून ठेवली आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत इतकी धारदार व्याख्या मला आढळलेली नाही. तिच्यात एकच अडचण, की हातानं फिरवायच्या कडबा कापायच्या चाकानंही बोट जातं, आणि त्याला वीज लागत नाही. ते सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, “हाव, मंग थेही मशीनच.” व्याख्येपायी नवं सत्य स्वीकारायची अशी तयारी विद्वानांत कमी दिसते.

जिगसॉचं कूळ शोधू गेलं तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतल्या अल्बर्ट कौफमान नावाच्या इंजिनिअरनं, असं सांगतात, बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढली आणि तिच्या जागी करवतीचं पातं बसवलं. सुई वरखाली जाते, तसं पातंही वरखाली गेलं, आणि पुढच्याच वर्षी ‘लेस्टो’ या नावानं हातात धरायचा जिगसॉ बाजारात आला. ही हकीकत मी सौ.ला वाचून दाखवली तेव्हा तिनं काही न बोलता उठून स्वतःच्या शिवणयंत्रावर खोळ घातली.

म्हणजे जिगसॉ हा शिवणयंत्राचा मुलगा. आणि शिवणयंत्र म्हटलं की गांधीजी आलेच. वलगावहून वर्धा काही लांब नाही, आणि यंत्राचा विषय निघाला की आमच्या भागात ते चपला काढून आत येतातच. १९२४ च्या नोव्हेंबरात ‘यंग इंडिया’त त्यांचं एक संभाषण छापून आलं. रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं होतं की आपण सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का. गांधीजींचं म्हणणं असं की शरीर हेच एक यंत्र, चरखा हेही यंत्रच. विरोध आहे तो यंत्राच्या वेडाला आणि मूठभरांच्या लोभाला. आणि अपवाद म्हणून त्यांनी दाखला दिला तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. सिंगरनं बायकोला टाके घालता घालता शिणताना पाहिलं आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र शोधलं, अशी त्यांची समजूत होती. मूळ प्रेरणा लोभाची नाही, प्रेमाची, म्हणून हे यंत्र चालेल.

आता आयझॅक सिंगर यांचं चरित्र पाहिलं तर हा दाखला जरा डळमळतो. १८५१ साली पेटंट घेणाऱ्या या गृहस्थांचा संसार एका घरात मावणारा नव्हता. निरनिराळ्या स्त्रियांपासून त्यांना वीसहून अधिक मुलं झाली. प्रत्येकीचे कष्ट पाहून कळवळून एकेक यंत्र शोधायचं ठरवलं असतं तर त्यांना दुसरा धंदा सुचला नसता. पण दाखला चुकला म्हणून रीत चुकत नाही, हे मी गणिताच्या अनुभवानं सांगतो. यंत्र कोणाचे कष्ट वाचवतं आणि कोणाची भाकरी नेतं, ही गांधीजींची विचारणा सिंगरसाहेबांच्या संसाराहून पुष्कळच टिकाऊ आहे.

तेव्हा शिवणयंत्राला मिळालेली सूट जिगसॉला लागू होते का? आईला मिळालेली सवलत मुलाला आपोआप लागत नाही. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून बरोबरच्या मिशी फुटलेल्या चिरंजीवांना कंडक्टर सोडत नाही. त्याची चौकशी वेगळी व्हायला हवी. मी ती केली. जिगसॉनं कोणाचे कष्ट वाचले? माझे नाही, मला कष्ट नव्हतेच, उलट ते या यंत्रानंच मला मिळवून दिले. कष्ट होते मिस्त्रींना. त्यांचा उजवा खांदा सहा-सात वर्षांपासून धरतो, करवत ओढताना ते मधेच थांबतात आणि बिडी शोधण्याचं निमित्त करतात. म्हणजे ज्याचे कष्ट वाचायला हवेत त्याच्याकडे यंत्र नाही, आणि ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडे पेन्शन आहे.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर तत्त्वचिंतन म्हणून गोड मानून घेतलं असतं. पण हत्तीची कीर्ती गल्लीत पसरली. निवृत्त माणूस हा सार्वजनिक मालमत्तेत मोडतो. त्याच्याकडे वेळ आहे हे सर्वांना दिसतं आणि तो त्याचा स्वतःचा आहे हे कोणालाच दिसत नाही. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या आधी प्लायवूडच्या मखराची विचारणा असते. पहिली विचारणा त्याचीच आली. मग देवघराची. मग एका मुलीच्या रुखवतात ठेवायला बैलगाडीची. “सर, प्लाय आमी आणून देतो, तुमाले तं घरी काई कामच नाई.” एका गृहस्थानं तर मनातलं सगळंच सांगून टाकलं, “मिस्त्रीले विचारलं तं दोन हजार सांगते राजेहो! तुमी तं घरचेच.”

या वाक्यावर मी अडलो. बारा बलुतेदारांत सुतार थोरल्या ओळीतला. वखर, डवरा, तिफण, बैलगाडी, सगळी शेती त्याच्या ओट्यावरून रानात जायची आणि सुगीत खळ्यावरून त्याच्या वाट्याचं धान्य घरी यायचं. पुढं ट्रॅक्टर आले, अवजारं लोखंडी झाली, दारांच्या चौकटी अमरावतीहून तयार येऊ लागल्या. परतवाड्याच्या डेपोतून मेळघाटाचं सागवान लादलेले ट्रक आमच्या गावावरून अमरावतीकडे जातात, ते मिस्त्री दारात उभं राहून पाहतात. त्यांच्या ओट्याशी थांबण्यासारखं त्यांना आता काही नसतं. एकेका यंत्रानं त्यांचं एकेक काम नेलं. पण त्यातल्या प्रत्येकानं गिऱ्हाइकाकडून काहीतरी किंमत घेतली होती. त्यांचं काम एका पैशाशिवाय नेणारं गावातलं पहिलं यंत्र म्हणजे मी ठरणार होतो.

आमच्या संध्याकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त तहसीलदार आहेत. त्यांना हे सगळं अतिविचाराचं लक्षण वाटलं. फुकट करून देणं हे दान आहे, आणि फळाची अपेक्षा न धरता केलं तर ते निष्काम कर्म आहे, असं त्यांनी पेढी नदीच्या पुलावर उभं राहून मला समजावलं. मी म्हटलं, कर्म माझं खरं, पण निष्काम होणार मिस्त्री. यावर ते रागावले. असं म्हटलं तर घरी स्वयंपाक करणारी बाई खानावळवाल्याची भाकरी नेते आणि नातवाला पाढे शिकवणारा आजा शिकवणीवाल्याची, असा त्यांचा दुसरा मुद्दा. तो मात्र मला विचार करण्यासारखा वाटला. दोन फेऱ्यांनंतर मला त्याचं उत्तर मिळालं ते मिस्त्रींच्याच गिरणीत. घरचं दळण घरच्या जात्यावर दळलं तर गिरणीवाल्यानं रुसू नये. पण गल्लीचं दळायला बसलं की ती गिरणीच झाली. मग दळणाचे पैसे न घेणं हा औदार्याचा प्रश्न उरत नाही, तो शेजारच्या गिरणीला कुलूप लावण्याचा प्रश्न होतो.

तहसीलदारांनी मग शेवटचा हुकमाचा पत्ता काढला. पूल पेढीचा, गाव वलगाव. इथं कुठला पत्ता निघणार हे कोणीही ओळखेल. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच नदीच्या काठी. वलगावचं नाव बाहेर कोणाला ठाऊक असेल तर ते त्यामुळे. तहसीलदार म्हणाले, “बाबांनी गावंच्या गावं झाडली. एक पैसा घेतला नाही. त्यांनी कोणाचं पोट मारलं म्हणता काय?”

या प्रश्नानं मला दोन रात्री झोप लागली नाही. (सौ.चं म्हणणं, दुपारी झोपलं की रात्री लागत नाही.) तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रश्नातच खोट आहे. बाबांनी पैसा घेतला नाही, पण फुकटही झाडलं नाही. काम केल्याशिवाय ते कोणाचं अन्न घेत नसत. आधी अंगण झाडणार, लाकडं फोडणार, मग खापरात भाकरी मागून घेणार. म्हणजे दर ठरलेला होता, आणि तो रोख होता. शिवाय ते झाडत होते ती घाण उचलण्याचं काम समाजानं ज्यांच्या माथी मारलं होतं त्यांना त्याचं ना मोल मिळत होतं ना मान. बाबांनी ते काम स्वतःच्या हातात घेतलं, लाज वाटून घरमालकानंही खराटा उचलावा म्हणून. त्या कामाची किंमत त्यांनी वर नेली. मी फुकट मखरं वाटू लागलो असतो तर सुतारकामाची किंमत शून्यावर आली असती. हे मी तहसीलदारांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले की तुम्ही मास्तर लोक बाबांनाही हिशेबात बसवता. मला ते कौतुकच वाटलं.

तेव्हा मखर, देवघर आणि रुखवताची बैलगाडी या तिन्ही गिऱ्हाइकांना मी मिस्त्रींचं घर दाखवलं. दोघं गेले, एकानं ऑनलाइन मागवलं आणि माझ्याशी बोलणं कमी केलं. पण जिगसॉला काही काम तर हवं. गावात कोणाच्याच धंद्याचं नसलेलं काम कोणतं, असा शोध घेता घेता मी यंत्राच्या नावापाशीच आलो. तुकडे जुळवून चित्र करायच्या खेळालाही जिगसॉच म्हणतात. तो खेळ करवतीहून जुना; १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा होता, त्यानं लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमारेषांवर कापला, मुलांना भूगोल शिकवायला. वीज नव्हती, हातकरवत होती. नाव मागाहून चिकटलं. मी महाराष्ट्र कापायला घेतला, अंगणवाडीसाठी. यात प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या कुठल्याशा कारखान्याचं नुकसान होत असेल, त्याबद्दल माझी झोप उडालेली नाही.

राज्य कापणं हे किती जोखमीचं काम आहे ते कापल्याशिवाय कळत नाही. आखणी मागच्या बाजूला करायची तर नकाशा आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो, नाहीतर समुद्र गडचिरोलीला येतो. जिल्हे छत्तीस. माझ्या लहानपणी अकोला हा एक ऐसपैस तुकडा होता. १९९८ मध्ये सरकारनं त्यातून वाशीम वेगळा कापला आणि मला दोन वळणं वाढली. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर काढला, तिथे आणखी एक. सगळ्यात त्रासाचं म्हणजे करवतीची जाडी. पातं जिथून जातं तिथलं मिलिमीटरभर लाकूड भुसा होऊन खाली पडतं. अमरावती आणि अकोला वेगळे करताना मधली जी पट्टी गेली ती अमरावतीची नव्हती, अकोल्याची नव्हती, दोघांचीही होती, आणि आता टेबलाखाली होती. छत्तीस तुकडे पुन्हा जोडून बसवले तर महाराष्ट्र भरतो, पण जरा सैल. मुलांना ते बरंच पडतं. चिकटून बसलेले जिल्हे त्यांच्या बोटांना निघत नाहीत.

गणपतीच्या तोंडावर मिस्त्रींकडे तीन मखरं आली आणि खांदा नेमका तेव्हाच धरला. एका सकाळी ते ओट्यावर येऊन बसले, हवापाण्याचं बोलले, सोयाबीनच्या भावाचं बोलले, आणि मग जिगसॉकडे न पाहता म्हणाले, “थे तुमचं मशीन रिकामं हाये काय?” मी पेटीसकट दिलं. पात्यांचे दात, पट्टी आवळणं वगैरे सांगू लागलो तेव्हा त्यांनी मान डोलवली, पण ती सुनेनं सासूचं ऐकताना डोलवावी तशी. तिसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो तर मखराची महिरप अशी कापली होती की काचकागदाला काम उरलं नव्हतं. माझ्या हातात तोच जिगसॉ होता, तेच पातं होतं, आणि माझ्या हत्तीच्या पायांना अजून कुसळं आहेत. तेव्हा हातानं केलं की यंत्रानं, या वादात माझी बाजू भक्कम झाली असं मला वाटलं, आणि मी ती मांडली. तीच करवत, दोन माणसं, दोन निराळे काप. मग हातच नाही का करत?

मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. “हात तं करतेच. पण सर, याच्यात लाकूड आयकू येत नाई. करवतीत गाठ आली का आधी कानाले समजते, मंग हाताले. याच्यात साग काय, कडुनिंब काय, समद्याचा एकच आवाज. गाठीवर गेल्यावरच समजते का गाठ होती.” आणि दोन्ही कानांत कोंबलेला कापूस काढून त्यांनी खिडकीत ठेवला. हा मुद्दा गांधीजींच्या संभाषणात नाही, कोठारी आयोगातही नाही, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. मी तोही वहीत लिहून ठेवला.

विसर्जनानंतर यंत्र परत आलं. पेटी पुसलेली, दोन पाती मोडली होती त्यांच्या जागी नवं पाकीट, आणि पाकिटाखाली चारशे रुपये.

“हे काय मिस्त्री?”

“भाडं. चार दिवसाचं.”

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. शेजारधर्म, जुनी ओळख, मुलाच्या मुंजीचा पाट त्यांनी केला होता, सगळं जिभेवर आलं. पण पेढीच्या पुलावर तहसीलदारांना ऐकवलेलं सगळं व्याख्यानही त्याच जिभेवर होतं. मी नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. मिस्त्रींना बरं वाटलेलं दिसलं. उठता उठता त्यांनी दाराशी हत्ती काढून हातात घेतला, पायांवरून पुन्हा अंगठा फिरवला.

“याच्या कडा घासून देऊ काय? पन्नास लागतीन.”

आतून सौ.चा आवाज आला, “तीस सांगा.”